तो कॉल लिम अंकलनी दिला नव्हता

ही गोष्ट खरी आहे.

लिहू नकोस असं ऋताचं, म्हणजे माझ्या मुलीचं म्हणणं आहे. लोक हसतील म्हणते. हसू देत. माझा जन्म ऑडिटमध्ये गेलाय, पुराव्याशिवाय मी नवऱ्याचंसुद्धा कधी खरं मानलं नाही. भुतांच्या गोष्टी वाचायला आवडतात मला, पण त्या वाचून पांघरूण डोक्यावर घेणाऱ्यातली मी नव्हे.

नव्हते, म्हणूया.

गेल्या नोव्हेंबरातली शनिवारची संध्याकाळ. सिंगापूर. क्लेमेंटीत आमच्या ब्लॉकपासून चालत जाता येतं असं एक मैदान आहे, तिथे मुलांच्या बेसबॉलच्या मॅचेस होतात.

तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

निशिकांत आठवडाभर बँकेत असायचा आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात. खेळायला नाही... अंपायर म्हणून. तो मूळचा जळगावचा, शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला. इथे मुलांच्या लीगला अंपायर कमी पडतात असं कळलं आणि हा जो गेला तो गेलाच. मंडळाच्या गणपतीत लोक विचारायचे, "अहो, क्रिकेटचे अंपायर असता तर समजलं असतं. बेसबॉल?" मी म्हणायचे, लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय.

भर उन्हात छातीला पॅड, तोंडावर जाळीचा मास्क आणि वर पालकांची बोलणी. मॅच संपली की दोन्ही टीम हॉकर सेंटरला जेवायला जायच्या. हा कधीच नाही. कुणी थंड कॅन पुढे केला तरी घ्यायचा नाही.

"उद्या त्याच्याच पोराला आऊट द्यायचंय मला," म्हणायचा.

आणखी एक वाक्य होतं त्याचं. अंपायर चुकला तरी खेळ चालतो, डळमळला की संपला.

घरीही तोच कारभार. माझं आणि ऋताचं वाजलं आणि मी म्हटलं, आता तूच सांग कोण बरोबर, की दोन्ही हात आडवे पसरून 'सेफ'ची, म्हणजे नाबादची, खूण करायचा आणि बाथरूममध्ये पळायचा.

ऋता चौदा वर्षांची आहे. ती कॅचर. आपला विकेटकीपर समजा. बॅट्समनच्या मागे उकिडवं बसायचं आणि चेंडू झेलायचा. तिच्या अगदी पाठीशी, वाकून, उभा असतो अंपायर. इतका जवळ की त्याचा श्वास मानेवर येतो म्हणे.

पण ऋताच्या मागे तिचा बाप कधीच उभा राहिला नाही.

स्वतःच्या मुलाच्या मॅचला अंपायरिंग करायचं नाही, हा नियमच आहे. त्याच वेळी याला शेजारच्या मैदानावर दुसरी मॅच असायची. बाकीचे अंपायर मधल्या वेळात मान वळवून आपापली पोरं बघून घ्यायचे. हा तेसुद्धा नाही. पाठ म्हणजे पाठ.

"बाबा नेव्हर सी मी प्ले वन," ऋता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरायची. सप्टेंबरात एकदा जेवताना तिने त्याच्या तोंडावरच सांगितलं, "सगळ्यांचे डॅड येतात. ओन्ली यू डोन्ट, लाह."

तो बराच वेळ भात कालवत बसला. मग म्हणाला, "या शनिवारी मी मॅच घेत नाही. नुसता बाप म्हणून येतो. प्रॉमिस."

गुरुवारी तो ऑफिसात खुर्चीवरून कोसळला. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत संपलं होतं.

शनिवारी आम्ही मंडाईला, स्मशानात होतो.

त्यानंतर ऋताने ग्लोव्हला हात लावला नाही. रडलीही नाही. मग नोव्हेंबरात एके दिवशी शाळेतून आली, कपाटातून किट ओढून काढलं आणि म्हणाली, "शनिवारी खेळणार मी. बाबा प्रॉमिस्ड."

माणूस गेला म्हणजे काय झालं, हे या मुलीला अजून कळलेलंच नाही, असं वाटलं मला. तिला अडवायचीही हिंमत होईना.

मैदानावर तिने जाळीच्या मागे, होम प्लेटच्या जवळ दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या. एक माझी. दुसरीवर आमची शेजारीण क्षिप्रा बसायला गेली तर ऋता म्हणाली, "मावशी, तिथे नको." क्षिप्रा माझ्या पलीकडे गवतावर बसली.

मॅचला अंपायर होते लिम अंकल. हौगांगला राहतात, साठी उलटलेले, बारीक आणि शांत. निशिकांतला या कामात त्यांनीच आणलं. मला बघून त्यांनी मास्क काढून मान लववली आणि पुन्हा घातला. मॅचच्या वेळी तेवढंच करता येतं.

खेळ सुरू झाला. ऋता चुकत होती. सोपे चेंडू सुटत होते. दर थोड्या वेळाने ती मास्कमधून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची.

मग मैदानाच्या कडेचा भोंगा वाजला.

इथे वीज जवळ आली की भोंगा वाजतो आणि सगळ्यांना मैदान सोडावं लागतं. मुलं, कोच, लिम अंकल, आम्ही, सगळे शेडखाली गेलो. आभाळ काळं झालं. वाऱ्याने तांबडी माती उडवली. पाऊस काही आला नाही.

मैदान पूर्ण रिकामं होतं.

आणि मला आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

कुणीतरी केरसुणीने बारीकसं काही झाडतंय असा. क्षिप्राला विचारलं, ऐकू येतंय का? ती म्हणाली, वारा आहे गं.

वारा असेल.

भोंगा थांबला, दिवे लागले, सगळे परत गेलो. खुर्च्यांवर मातीचा थर बसला होता. ऋताच्या बाटलीवर माती, बाकावर माती.

होम प्लेट तेवढी लख्ख होती.

होम प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली पांढऱ्या रबराची पाटी. ती मातीने भरली की अंपायर खिशातून छोटा ब्रश काढून पुसतो. लिम अंकल ब्रश हातात घेऊन तिथपर्यंत गेले... आणि नुसते बघत राहिले. ऋताला काहीतरी विचारलं. तिने मान हलवून 'मी नाही' म्हटलं.

ब्रश खिशात गेला. खेळ सुरू झाला.

त्यानंतर ऋताचा एकही चेंडू सुटला नाही. पाठ ताठ, ग्लोव्ह स्थिर. खुर्चीकडे बघायचीही थांबली ती. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, रमली एकदाची.

मधल्या सुट्टीत ती जाळीपाशी आली. चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाली, "आई, लिम अंकलचा गुडघा वाजतो का गं?"



निशिकांतचा डावा गुडघा वाजायचा. खाली वाकला की कट्ट. मी चिडवायचे, तेल घाल त्याला.

"मी बसले की मागे वाजतो," ऋता म्हणाली. "एव्हरी टाइम."

मी म्हटलं, म्हातारे झालेत ते, वाजत असेल. आणि तिला पाठवलं. आई होऊन खोटं बोलायला फारसं काही लागत नाही.

मग ते झालं.

चेंडू बॅटला चाटून खाली वळला आणि ऋताच्या गळ्याखाली, पॅडच्या वरच्या कडेला बसला. केवढा आवाज! ती गुडघ्यांवर कोसळली. मी ओरडतच जाळीला धडकले.

लिम अंकलनी हात वर करून खेळ थांबवला.

इथे निशिकांतने सांगितलेलं एक सांगायला हवं. कॅचरला चेंडू लागला की अंपायर त्याला 'लागलं का रे' असं विचारत नाही. पोर आधीच रडकुंडीला आलेलं असतं, सगळे बघत असतात. मग अंपायर पुढे जातो आणि होम प्लेट पुसत बसतो. ती स्वच्छ असली तरी. मुद्दाम सावकाश. तेवढ्यात पोराला श्वास घेता येतो, डोळे पुसता येतात. अंपायरला एवढीच माया करायची परवानगी.

लिम अंकलही पुढे निघाले. हात खिशाकडे गेला...

आणि तिथेच थांबला.

खर्र... खर्र... खर्र...

ब्रश त्यांच्या खिशातच होता. हात खिशावर होता. आणि आवाज पाटीवरून येत होता.

सावकाश. फारच सावकाश. मी कुणाला होम प्लेट इतकी निवांत पुसताना ऐकलं नाही.

लिम अंकलनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मास्कमधून त्यांचे डोळे तेवढे दिसले. त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऋता गुडघ्यांवरच होती. पाटीकडे बघत होती. दोन महिन्यांत जी रडली नाही ती मुलगी मास्कच्या आत घळाघळा रडत होती. तिचं रडणं आवरलं, तिने नाक पुसलं... तेव्हाच तो आवाज थांबला.

आधी नाही.

ती उठली आणि खेळायला लागली.

मॅचच्या अगदी शेवटी ऋताची टीम एका रनने मागे होती. आता बॅटिंग त्यांची होती आणि ऋता शेवटच्या बेसवर, म्हणजे होम प्लेटच्या आधीच्या थांब्यावर, उभी. ती होम प्लेटला पोचली तर बरोबरी, नाही तर हार. समोर चेंडू टोलवला गेला आणि ती सुटली. मागून, मैदानातून फेकलेला चेंडूही आला. तिने स्वतःला मातीत झोकून दिलं. समोरच्या टीमचा कॅचर चेंडू धरलेल्या ग्लोव्हसकट तिच्यावर पडला; पाटी गाठायच्या आधी तो ग्लोव्ह अंगाला लागला की आऊट. नुसता धुरळा. कोणाला काही दिसेना.

लिम अंकलचे दोन्ही हात आडवे पसरायला निघाले होते. सेफ. मी पाहिलंय.

आणि मैदानभर आवाज घुमला...

"आऽऽऊट!"

जळगावच्या मोकळ्या घशाचा तो आवाज. बेडरूममधून ऐकलाय मी तो, आरशासमोर सराव करायचा तेव्हा. शेजारी तक्रार करतील म्हणून मी उशी फेकून मारायचे.

लिम अंकलचे हात हवेत अडकले. मग उजवा हात वर गेला आणि मूठ वळली. आऊट.

ऋताचे कोच धावत गेले. "तुम्ही सेफ देत होतात! मी बघितलंय!" तेवढ्यात ऋता मातीतून उठली. गुडघा फुटलेला, तोंडभर माती आणि ती हसत होती. "कोच, मी आऊट होते. ग्लोव्ह लागला मला."

मग जाळीपाशी आली, दोन्ही हातांनी जाळी धरली.

"आई, ही सॉ! बाबांनी पाहिलं मला!"

मी तिची बोटं धरली. क्षिप्रा म्हणाली, लिम अंकलचा आवाज मोठा आहे हं. मी हो म्हटलं.

सगळे गेल्यावर लिम अंकल मास्क काखेत धरून माझ्याकडे आले. इंग्रजीतच बोलले. "साधना, मी आवाज दिला नाही. मला ग्लोव्ह लागलेला दिसलाच नव्हता. माझ्या पुढे कोणीतरी उभं होतं."

"कोण?" मी विचारलं.

"डोन्ट आस्क मी, लाह," ते म्हणाले आणि आकाशाकडे बघत बसले.

लोकांना वाटेल मला भीती वाटली. नाही. मला राग आला. त्या रात्री उशीत तोंड खुपसून मी त्याला वाट्टेल ते बोलले. एवढ्या लांबून आलास ना? खुर्ची मांडली होती पोरीने. बसला असतास बाप म्हणून. शाब्बास म्हणाला असतास. तर म्हणालास काय... आऊट? आणि मी जाळीच्या या बाजूला होते रे. मला एक हाकसुद्धा नाही?

घर शांत होतं. आजवर शांतच आहे. घरी तो कधीच आला नाही.

ऋता आता एकही मॅच चुकवत नाही.

पण एक नवीनच झालंय. चेंडू आधीच होम प्लेटला पोचलेला असतो, कोच हात वर करून 'थांब, थांब' म्हणून ओरडत असतात आणि ही थांबत नाही. धावत सुटते. सरळ त्या ग्लोव्हवर जाऊन पडते. आणि मग उठतही नाही लगेच. मातीत पडून, डोळे मिटून, वाट बघते.

"आऊट," लिम अंकल म्हणतात. त्यांच्या साध्या, बारीक आवाजात.

मग ती उठते.

मागच्या आठवड्यात मनगट मुरगळलं तिचं. कोच म्हणाले, असंच चाललं तर टीममधून काढावं लागेल. मी तिला समजवायला हवं, दोन शब्द सुनावायला हवेत. रोज ठरवते.

पण शनिवार येतो. ती धावायला लागते. आणि मी खुर्चीवरून उठून जाळीला कान लावून उभी राहते.