कर्नलच्या कोटावरची मेडल्स

"राजाभाऊ, यल्ला, लवकर या! एक ड्रायव्हर खून करून बसलाय आणि घाबरून तुमच्या मराठीशिवाय एक शब्द बोलत नाही."

पोलीस लेफ्टनंट सैफचा हा फोन आला तेव्हा शुक्रवारची सकाळ होती, सुट्टीचा दिवस. राजाभाऊ दिघे आखातात, ऊद मेथा वस्तीत राहायचे आणि इन्शुरन्स कंपनीत नोकरी करायचे. कुणी मराठी माणूस पोलिसांत अडकला की दुभाषा म्हणून त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली.

"खून करून बसलाय म्हणे! चौकशीच्या आधीच निकाल? वा रे वा!" असं पुटपुटतच ते टॅक्सीत बसले. साल होतं १९९७, महिना नोव्हेंबर.

चौकीत गुहागरचा सुदेश भिंतीला टेकून बसला होता. त्याचा शर्ट रक्तानं कडक झाला होता आणि बाहीला पांढरे केस चिकटले होते. ते केस त्याच्या मालकाचे, कर्नल वेनराइटचे होते.

जुमेराच्या व्हिलात कर्नल खुर्चीत बसलेला असताना कुणीतरी त्याच्या तोंडावर तोफेचं पितळी काडतूस हाणलं होतं. शोभेचं होतं, पण वजनदार. पहिल्याच फटक्यात जबडा तुटला, मग कवटी फुटली. मेल्यावरही मारणारा थांबला नव्हता. काडतुसावर सुदेशच्या बोटांचे ठसे होते. गुन्हा शाबित झाला तर सुदेशला थेट मरणाचीच शिक्षा होती.

"तू मारलंस?" राजाभाऊंनी विचारलं.

"नाय ओ भाऊ! मी मागच्या अंगणात गाडी धूत होतो. आत गेलो तर साहेबाला तोंडच नव्हतं. मी मांडीवर घेतलं त्यांना."

"काडतुसावर तुझे ठसे कसे?"

"दर आठवड्याला ब्रासोनं मीच घासतो ना ते!"

"कोण आलं-गेलं?"

"मागून पुढचं दार दिसत नाय."

"साहेबांना जिवंत शेवटचं कधी पाहिलंस?"

"सूट घालून तयार होते. आज लढाईत मेलेल्या त्यांच्या सैनिकांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. मेडल्स नेहमी डावीकडे लावायचे, आज उजवीकडे लावली. मी म्हटलं, साहेब, चुकलंय. तर म्हणाले, आजच बरोबर लावलीत. डोळे भरले होते त्यांचे."

राजाभाऊंनी हे सांगताच सैफनं प्रेताचे फोटो टेबलावर आपटले. "सरळ खोटं बोलतोय! बघा, मेडल्स डावीकडेच आहेत."

राजाभाऊंनी एकेक फोटो जवळ ओढून नीट पाहिला. फिकट राखाडी सूट गळ्यापासून पोटापर्यंत लाल झाला होता. फक्त उजव्या छातीवर वीतभर आडवी जागा कोरी होती.

"हे काय?"

"हात धरला असेल छातीवर."

"हाताला असा सरळ काठ असतो होय, हबीबी?"

सैफनं फोटो उचलून पुन्हा पाहिला. राजाभाऊंना बेळगावची मुक्ताबाई आत्या आठवली. सुभेदाराची विधवा. पलटणीच्या परेडला ती नवऱ्याची मेडल्स लावून ताठ मानेनं जायची.

"बाहेर दोघं बसलेत ते कोण?"

"तो हमदुल्ला, जुन्या वस्तूंचा व्यापारी. कर्नलच्या मेडल्सपैकी शौर्याचा क्रॉस विकत मागत होता. गेल्याच आठवड्यात त्यावरून दोघांचं भांडण झालं. दुसरा हॉलम, सिक्युरिटी कंपनीतला कर्नलचा पार्टनर, तोही माजी सैनिक. कर्नलला कार्यक्रमाला न्यायला आला, तेव्हा आम्ही पोलीस आधीच पोचलो होतो, असं म्हणतो."

"कोटावरची मेडल्स उलटी करून बघितलीत?"

"उलटी? नाही."

पुराव्यांची पिशवी आली. सैफनं हातमोजे घालून मेडल्सची पट्टी उलटवली. मागची बाजू रक्तानं काळी पडली होती आणि पितळी पिनेवर अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटला होता. राजाभाऊंनी भिंगातून मेडल्सच्या कडांवरची कोरीव अक्षरं वाचली आणि सैफच्या कानात काहीतरी सांगितलं.

"दोघांनाही आत घ्या," सैफ म्हणाला.

हॉलमच्या छातीवर डावीकडे त्याची स्वतःची मेडल्स चमकत होती. "त्या ड्रायव्हरला अजून जिवंत का ठेवलंय?" आल्याआल्या त्यानं विचारलं.

राजाभाऊंचं डोकं तडकलं, पण त्यांनी शांतपणे सुरुवात केली. "सुदेश खरं बोलतोय. रक्त उडालं तेव्हा मेडल्स उजवीकडे होती, म्हणून त्यांच्याखालचं कापड कोरं राहिलं. नंतर कुणीतरी ती काढून डावीकडे, रक्तानं भिजलेल्या कापडावर लावली, म्हणून ती मागूनही माखली. हमदुल्लांनी खून केला असता तर मेडल्स घेऊनच गेले असते. सुदेशनं हलवली असती, तर ती उजवीकडे होती हे तो आपल्या तोंडानं कशाला सांगेल?"

"पण उजवीकडे लावलीच का?" हमदुल्लानं विचारलं.

"स्वतः मिळवलेली मेडल्स डावीकडे, मेलेल्या नातलगाची उजवीकडे. फौजेत हा रिवाज आहे. माझी आत्याही नवऱ्याची मेडल्स उजवीकडेच लावायची. या मेडल्सच्या कडेवर कर्नलचं नाव नाही, दुसऱ्याच वेनराइटचं आहे. कोण होता तो, हॉलमसाहेब?"

हॉलमनं दाराकडे पाहिलं.

"सांगू नका. कर्नलचा भाऊ असणार. भावाच्या शौर्यावर हा माणूस आयुष्यभर मिरवला, आणि आज मेलेल्यांसमोर उभं राहण्याआधी त्याला लाज वाटली. उजवीकडे मेडल्स म्हणजे उघड कबुली. ती बघताक्षणी कुणाला समजली असती? फौजीला. आणि प्रेतावरची मेडल्स बाजू बदलून नीट सरळ कोण लावेल? तोही फौजीच. मेडल्स गायब केली असती तर शोध झाला असता. डावीकडे ठेवली की शूर कर्नल शूरच राहिला आणि कंपनीचं नावही राहिलं. काडतूस रुमालात धरलं असेल, नंतर कपडेही बदलले असतील. चूक एकच झाली, पिन दाबताना उघडा अंगठा रक्तात भिजलेला होता."

"मिस्टर हॉलम, अंगठा," सैफ म्हणाला.

हॉलमनं टेबलच उलथवलं. दुसऱ्या क्षणी त्याचे दोन्ही हात राजाभाऊंच्या गळ्यावर होते. "एडनच्या लढाईत मेला तो त्याचा भाऊ! हा तर गोदामात ब्लँकेटं मोजत होता! त्या क्रॉसवर मी कंपनी उभी केली आणि हा म्हातारा सगळ्यांसमोर रडणार होता!" दोन शिपायांनी त्याला ओढलं तरी पकड सुटेना. शेवटी सैफनं त्याच्या मनगटावर दंडुका हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि हॉलम गुडघ्यावर कोसळला.

खेळ खलास. ठसा त्याचाच निघाला.

गळा चोळत राजाभाऊ बाहेर आले. "सुटलास रे बाबा. ऊठ."

सुदेश भिंतीला धरून उठला. साहेबाचा फुटलेला चेहरा आठवून तो ओक्साबोक्शी रडला. मग म्हणाला, "भाऊ, गावात कुणीतरी फोन करून सांगितलं असेल, मी खून केला म्हणून. नर्मदाला कळलं असेल. आता ती मला घरात घेईल काय ओ?"

राजाभाऊंनी सैफच्या टेबलावरून फोन लावून दिला. बायको शेजाऱ्यांच्या घरी फोनवर आली.

"नर्मदा... मी नाय मारलं गं."



"ते मला म्हायती हाय," ती म्हणाली. "जेवलाव काय?"