व्हॅनिलाच्या रिकाम्या शेंगा

दुकानाच्या फळीवर व्हॅनिलाच्या शेंगांची एकच काचेची नळी उरली होती आणि तिच्यावर दोन हात होते. एक माझा. दुसरा पीठ लागलेला.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा. माझ्याकडे उद्या वाढदिवसाचे चार केक आहेत."

"आणि माझ्याकडे..." मी जरा अडखळले. "माझ्याकडे ताई आहे."

त्यानं नळी सोडली नाही, पण मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, त्यामुळे कुणाचे डोळे बघून विरघळायची माझी सवय कधीच मोडली होती. निदान त्या संध्याकाळपर्यंत माझा तसा समज होता.

ताई नोकरीसाठी दोन वर्षं परदेशी निघाली होती. दीड महिना हातात होता. विकतच्या सेंटनं तिचं डोकं ठणकतं, म्हणून मी तिच्यासाठी घरीच अत्तर करायचं ठरवलं होतं. काम तसं सोपं. शेंगा चिरून बिनवासाच्या अल्कोहोलमध्ये भिजत घालायच्या, बाटली अंधारात ठेवायची, रोज एकदा हलवायची आणि सहा आठवड्यांनी गाळायची. पण हे ऐकून घरचे पोट धरून हसले. माझं गिटार तीन धड्यांनंतर कपाटावर गेलं होतं आणि बाबांच्या स्वेटरला अजून दुसरी बाही नव्हती. "हे तू पूर्ण केलंस ना, तर मी नाव बदलेन," ताई म्हणाली. मीही हसले. मग खोलीत जाऊन रडले. ताई निघेल तेव्हा तिच्या हातात मला अर्धवट काही द्यायचं नव्हतं.

यातलं निम्मंअधिक मी त्या पीठवाल्या माणसाला तिथेच, डाळींच्या पिंपांशेजारी उभी राहून सांगून टाकलं.

"तुम्हाला दाणे लागतात का?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"मी शेंग उभी चिरतो, आतले काळे दाणे सुरीनं खरवडून क्रीममध्ये घालतो. साली उरतात. वास तर त्यांनाही भरपूर असतो. मी आपला फेकून देतो..."

"फेकता?"

"आता नाही फेकणार," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी नळी सोडली.

त्याची बेकरी आमच्या दुकानापासून दोन रस्ते पलीकडे निघाली. बुधवारी त्यानं दुकानात आणून दिलेल्या पहिल्या पुडीत आठ साली होत्या. पुढच्या बुधवारी तो पुन्हा आला, मग त्याच्यापुढच्याही. मी त्या बारीक चिरून बाटलीत टाकायची. बाटलीचा रंग रोज थोडा गडद होत गेला, चहासारखा. आणि मला बुधवारी सकाळी कपाटापुढे पाच मिनिटं जास्त लागायला लागली. आई एवढंच म्हणाली, "चष्म्याच्या दुकानात हल्ली फार नटून जावं लागतं वाटतं."

"डोळे तपासून देऊ?" एकदा मी त्याला विचारलं.

"कशाला? आत्तापर्यंत त्यांनी मला सगळं चांगलंच दाखवलंय."

तरीही मी त्याला खुर्चीत बसवलं. तक्ता समोर होता. "शेवटची ओळ वाचा."

"ओळ कोण बघतंय..."

माझ्या हातातलं भिंग खाली पडता पडता राहिलं.

चौथ्या बुधवारी मी बाटलीतला एक थेंब मनगटावर लावून दाखवला. तो लगेच वाकला. "थांबा — आधी स्पिरिट उडू दे," मी म्हटलं. मग आम्ही दोघं त्या एका थेंबाकडे बघत थांबलो. बाहेर भुरभुर पाऊस होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. स्पिरिट केव्हाच उडून गेलं असणार. पण हात काढून घ्यायचं मला सुचलं नाही आणि सरळ उभं राहायचं त्याला.

पाचव्या बुधवारची पुडी चांगली जाडजूड होती. नऊ साली. शुक्रवारी बाटली उघडली तर आतला अर्क गढूळ, वर पांढरे कण, आणि वास... ओल्या फडक्यासारखा आंबट. ताई पुढच्या रविवारी निघणार होती.

मी कुणाला काही बोलले नाही. चार दिवस बाटली कपाटात तशीच लपवून ठेवली आणि रोज उघडून बघितली, जणू ती आपोआप सुधारणार होती. मंगळवारी त्याला फोन केला. "उद्या येऊ नका. बाटली नासली. माझ्या हातून काहीच धड पूर्ण होत नाही, आधीच सांगायला हवं होतं तुम्हाला."

त्यानं फक्त घरचा पत्ता विचारला. वीस मिनिटांनी दाराची बेल वाजली. दारात तो, ॲप्रनसकट, केसांत पाऊस.

"तुमचं काही चुकलेलं नाही," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. आत आई, बाबा आणि उघड्या सुटकेसपुढे बसलेली ताई, सगळे ऐकत होते. "त्या आठवड्यात कोऱ्या साली दोनच होत्या. बाकीच्या सात मी कस्टर्डसाठी दुधात उकळल्या होत्या. तीनदा धुतल्या, भट्टीजवळ वाळवल्या. वाटलं, चालतील."

"मग दोनच आणायच्या."

"दोन सालींसाठी दोन रस्ते ओलांडून कोण येतं?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणजे... मला यायचं होतं. त्यासाठी कारण जरा भरगच्च दिसायला हवं होतं."

चार दिवस मी स्वतःला दोष देत होते. राग असा आला की बस. आणि त्या रागातच आत कुठेतरी इतकं बरं वाटलं की मला धड भांडताही येईना.

"मूर्ख आहेस तू," मी म्हटलं.

हा पहिला 'तू'. आम्हा दोघांच्या ते लक्षातही आलं नाही. ताईच्या आलं, कारण ती सुटकेसमध्ये तोंड घालून हसत होती.

"तेलात करू," तो म्हणाला. "सहा आठवडे लागत नाहीत. माझ्याकडे आज नव्या शेंगा आल्यात, अख्ख्या. दाण्यांसकट."

"आणि तुझे केक?"

"लिंबाचे करीन."

बुधवारी आमच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात तेलाची वाटी ठेवली, तेलात चिरलेल्या शेंगा. पाणी उकळू द्यायचं नव्हतं, नुसतं गरम ठेवायचं होतं, चार तास. मी दोनदा गॅस मोठा करायला गेले, दोनदा त्यानं माझा हात बाजूला केला. दुसऱ्यांदा जरा सावकाश. मग तेल गाळलं, त्यात मेण विरघळवलं आणि दोन छोट्या डब्यांत ओतलं. संध्याकाळपर्यंत ते थिजलं, फिकट पिवळं, मध्ये काळे ठिपके.

रविवारी सकाळी ताईनं डबी उघडली, बोटानं कानामागे लावलं, मनगटाला लावलं. मी तिच्या कपाळाकडे बघत होते. डोकं दुखलं की तिथे आठी पडते.

आठी पडली नाही.

"मंद आहे गं," ती म्हणाली. "नाक जवळ न्यावं लागतं." मग तिनं मला कुशीत ओढलं आणि मला सोडेचना. "पूर्ण केलंस हां," ती माझ्या केसांत पुटपुटली, आणि मग आम्ही दोघी रडायचं तेवढं रडलो.

तिच्या जड सुटकेस जिना उतरवायला तो आला होता. गाडीत बसताना ताई त्याच्याकडे बघून म्हणाली, "अत्तर तर झालं. आता तुम्हाला यायला कारण काय उरलं?" उत्तराची वाट न बघता तिनं काच वर केली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. आई-बाबा डोळे पुसत वर गेले. फुटपाथवर आम्ही दोघंच.

"बुधवारी..." त्यानं सुरुवात केली.

"शेंगा आहेत?"

"नाही. संपल्या सगळ्या."

"मग रिकाम्या हातानं ये."

"आणि रिकाम्या हातांचं करू काय?"

ते बुधवारी सांगायचं असं मी ठरवलं होतं. इतके आठवडे थांबले, तीन दिवसांनी काय बिघडणार होतं... पण त्यानं खरंच दोन्ही हात पुढे करून विचारलं होतं, गंभीरपणे. मी त्यातला एक धरला. आईनं साखर आणायला सांगितली होती. हात तसाच धरून आम्ही ती आणायला निघालो, लांबच्या रस्त्यानं.