विंडोजवाली, पेंग्विनवाला आणि चमचाभर पंचामृत

"विंडोजवाली मुलगी चालेल का तुला?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि मग रुचिरालाच धक्का बसला. अगं बाई, आपण खरंच विचारलं! भर कॉम्प्युटर लॅबमध्ये! खिडकीपाशी बसणाऱ्या त्या मुलाला, ज्याच्याशी कॉलेज सुरू झाल्यापासून आपण एक अक्षर बोललो नाही!

मागे वसुंधरा आणि अंकिता एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. कारण रुचिराचं काही केल्या ठरत नव्हतं. नुकती अठराची झालेली, बीएस्सी आयटीच्या पहिल्या वर्षाला, आणि दसऱ्याला बाबा तिला स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन देणार होते. कोणता, तेवढं तिने सांगायचं. तेवढंच! अंकिता म्हणे, विंडोजच घे, सगळं जग तेच वापरतं. वसुंधरा म्हणे, एकदा मॅकवर बोट फिरवून बघ, मग बाकीचे पत्र्याचे डबे वाटतील. भांडून भांडून दोघी दमल्या आणि मग त्यांना ही दुर्बुद्धी सुचली… जा, त्या शांत मुलाला विचार. आणि हिंमत असेल तर अस्संच विचार!

तर त्या शांत मुलाने मान वर केली. सावळा चेहरा, दाट भुवया, आणि लॅपटॉपच्या झाकणावर एका पंखापाशी सोललेलं पेंग्विनचं स्टिकर.

"विंडोजवाली?" त्याने जरा विचार केला. म्हणजे अगदी गंभीरपणे केला! "चालेल की. पण तिला पेंग्विन चालायला हवा."

"म्हणजे?"

"माझं लिनक्स आहे, पेंग्विन त्याचंच चिन्ह. मॅकवाली पण चालली असती… पण ती विचारायला आली नाही ना."

मागचं हसू कचकन थांबलं.

रुचिराचे कान असे तापले की त्यावर पापड भाजून निघाला असता. जुनी रुचिरा असती तर पळाली असती. दहावीत फळ्यावर लिहायला उठली की तिच्या हातातला खडू मोडायचा! पण ती रुचिरा आता जुनी झाली होती. या रुचिराने शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.

"कुठे मिळतं हे लिनक्स? महाग असेल."

"फुकट."

"फुकट? मग खोट असणार काहीतरी."

"माझी आजी पण हेच म्हणते." तो हसला. हसला की त्याची डावी भुवई थोडी वर जायची. हे आपल्याला का दिसलं, याचाच रुचिराला दुसरा धक्का बसला.

त्याचं नाव धनेश. उलव्याला राहायचा.

मग काय! प्रॅक्टिकल संपलं की खिडकीपाशी दोन खुर्च्या. ती म्हणायची, "एवढ्याशा कामाला एवढं टाइप कोण करतं? माझ्या विंडोजमध्ये एक क्लिक." तो म्हणायचा, "तुझं विंडोज म्हणजे हॉटेलचं जेवण. बसलं की ताट समोर. माझं म्हणजे घरचा स्वयंपाक. मीठ कमी पडलं तर आपणच उठायचं."

"आणि मॅक?"

"लग्नाचा हॉल. दिसतो झकास. पण पंगतीत वाढायला त्यांचीच माणसं."

"मग माणसाने राहायचं कुठे?"

"चार दिवस राहून बघ ना," तो म्हणाला आणि नवरात्र संपता संपता त्याने आपला लॅपटॉपच तिच्या हातात ठेवला. "घेण्याआधी वापरून बघ. फक्त… सांभाळ. यात आजीचे धवले आहेत."

धवले म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत गायची गाणी आणि ती गाणारी धवलारीण म्हणजे धनेशची आजी, कमळाबाई. गावात तिच्या गळ्याशिवाय नवरीला हळद लागायची नाही. विमानतळासाठी गाव उठलं, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात धनेशने तिला जुन्या अंगणात बसवून सगळं रेकॉर्ड केलं होतं. आता ते अंगण विमानतळाच्या भिंतीआड गेलं होतं आणि आजीचा गळाही बसला होता.

"याची दुसरी कॉपी आहे ना?" रुचिराने विचारलं.

"करायचीच आहे." त्याने कान खाजवला. "सगळ्यांना सांगत फिरतो. स्वतःचं राहतंच बघ…"

खांदा कॉलनीतल्या घरी रुचिराने तो लॅपटॉप वहीसारखा छातीशी धरून नेला. धवले ऐकायचा मोह झाला, पण न विचारता कसे ऐकायचे? दोन दिवस मनसोक्त वापरला, नवमीच्या आदल्या रात्री नीट बंद केला आणि टेबलावर ठेवला.

सकाळी ती अंघोळीला गेली. आणि आई पूजेला बसली.

खंडेनवमी! बाबांचे पाने-पक्कड, आईचं शिलाई मशीन, सुऱ्या, कात्र्या, घरातला जुना कॉम्प्युटर. वर्षभर राबणाऱ्या सगळ्यांची त्या दिवशी पूजा. रुचिरा केस पुसत बाहेर आली. पाटावर झेंडूच्या राशीत, आ वासून, धनेशचा लॅपटॉप बसला होता. बटणांवर हळद. हळदीवर कुंकू. कुंकवावर अक्षता. आणि त्या सगळ्यावर गोड, चिकट, चकाकणारं…

"आई, हे काय आहे?"

"पंचामृत," आई शांतपणे म्हणाली. "चमचाभरच घातलंय."

"लॅपटॉपवर?"

"अगं, झाकण लावून कधी कुणाची पूजा करतात का?"

रुचिराच्या हातातला टॉवेल गळून पडला. ती बटण दाबून बघायला धावली, तर आईने मनगट धरलं.

"खबरदार! पूजेतल्या वस्तूला आज हात लावायचा नाही. उद्या दसऱ्याला उठवायच्या सगळ्या."

"आई, तो बाबांनी आणलेला नाहीये गं, कॉलेजमधल्या मित्राचा आहे…"

आता आईचा चेहरा पांढरा पडला.

रुचिराने फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. पंचामृत हा शब्द दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वासच बसला नाही. आता तो चिडणार, फाडफाड बोलणार! आपण एका माणसाचं अख्खं अंगण बुडवलं…

"चालू करून बघितलास?" तो म्हणाला. आवाज कोरडा.

"नाही. आईने हात लावू दिला नाही. पूजेतलं…"

पलीकडून मोठ्ठा श्वास सुटला. "वाचलो असू कदाचित. ओल्यात चालू केला असतास तर संपलंच होतं. आईंना सांग, उद्यापर्यंत कुणालाच हात लावू देऊ नका."

"तू… चिडला नाहीस?"

"उद्या ठरवतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दोन शब्दांवर रुचिराने नवमीचा अख्खा दिवस काढला.

दसऱ्याला सकाळीच बेल वाजली. दारात धनेश, हातात छोटा स्क्रूड्रायव्हर. आणि त्याच्या मागे, हिरवं लुगडं, केसांत अबोली… साक्षात कमळाबाई!

"ऐकेचना," धनेश पुटपुटला.

"आजी, चुकलं हो माझं!" आई दारातच हात जोडून उभी.

"चुकलं कसलां?" आजीचा आवाज घोगरा, पण डोळे मिश्कील. "आमचे घरान त्याला कदी कुनी फूल पन वाहिलां नाय. तुमी त्याची पूजा केलीव!"

धनेशने लॅपटॉप उलटा करून उघडला. एका बटणाखालून अक्षतेचा दाणा निघाला. मध वाळून कीबोर्डची चिक्की झाली होती. लॅपटॉप गेलाच होता. पण ज्यात सगळं साठवलेलं असतं ती डिस्क आत कोरडी होती. त्याने ती अलगद काढली, एका छोट्या डबीत बसवली आणि बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरला वायर जोडली.

"मी बघतो," बाबा पुढे झाले. दीनानाथरावांची सगळी नोकरी विंडोजसमोर गेली होती. स्क्रीनवर एक चौकट आली. "हां, फॉरमॅट करू का विचारतंय. सोप्पं आहे…" आणि त्यांचं बोट माउसवर गेलं. इतकी वर्षं ऑफिसात चौकट आली की 'ओके' दाबायचं, एवढंच त्यांना माहीत!

"बाबा, नाही!"

रुचिराची किंकाळी शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेली असेल. तिने बाबांचा हात माउससकट उचलून धरला होता. बाबा थक्क. आई थक्क. आजीच्या हातातला चहा बशीत.

"फॉरमॅट म्हणजे पुसून टाकणं, बाबा! विंडोजला ही डिस्क वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याची लिपी वेगळी, हिची वेगळी. डिस्क रिकामी नाहीये!"

धनेश तिच्याकडे बघत राहिला. डावी भुवई वर.

"चार दिवसांत एवढं?" तो हळूच म्हणाला.

"दोनच दिवस मिळाले. तिसऱ्या दिवशी पंचामृत."

त्याने खिशातून लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह काढला, जोडला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. बाबांची ओळखीची स्क्रीन आलीच नाही. निराळेच रंग, निराळीच चित्रं.

"माझं विंडोज गेलं?" बाबा ओरडले.

"नाही काका, झोपलंय. पेनड्राइव्ह काढला की उठेल."

त्याने ती डिस्क उघडली. एका फाइलवर क्लिक केलं. आणि खांदा कॉलनीतल्या त्या हॉलमध्ये एक आवाज उठला. उंच, ठणठणीत. नवरीला हळदीला बोलावणारा. मध्येच खोकला, मग "त्या कोंबऱ्याला हाकल रे!", मग कोंबड्याचा आरडाओरडा, आणि परत तोच सूर, जिथे तुटला होता तिथूनच.

आईने डोळ्यांना पदर लावला. रुचिराच्या हातावर काटा आला.

"कोन गातंय गो ही?" कमळाबाई कान देऊन म्हणाल्या. "बरी गातंय."

"तूच आहेस आजी!"

"मी?" आजींनी पुन्हा कान दिला. मग खुदकन हसल्या. "तरीच!"

सगळ्यात आधी कॉपी झाली. तीही दोन ठिकाणी. मग आत आई आणि आजी जिलबी खाता खाता हळदीच्या गाण्यांचं बोलायला लागल्या, बाबा पेनड्राइव्ह काढून आपलं विंडोज सुखरूप आहे ना ते तपासायला लागले आणि गॅलरीत दोघंच उरले. वरून एक विमान गेलं.

"आमच्या अंगणातून गेलं बघ," धनेश म्हणाला. मग जरा थांबून, "लॅबमधला तो प्रश्न… पैज होती ना?"

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या मैत्रिणी हळू बोलतात, असं तुला वाटतं का?"

रुचिराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून विचारलं, "मग उत्तर का दिलंस?"

"प्रश्न पैजेचा होता." त्याची बोटं गॅलरीच्या गजाशी चाळा करत होती. "उत्तर… माझं होतं."

तिने खिडकीतलं आपट्याचं एक पान उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं टेकली… जरा जास्तच वेळ टेकली.

"सोनं घे," ती म्हणाली. "माझं उत्तर पण घे. पैजेचं नाही."

"काय उत्तर?"

"पेंग्विन चालतो."

दुपारी पाहुणे गेले. बाबा चपला घालून तयार. "चल, दसऱ्याचा मुहूर्त आहे. आता तू लिनक्सच म्हणणार, दिसतंय मला. बोल!"

"मी विंडोज घेणार, बाबा."

"काय?" बाबांना इतका आनंदाचा धक्का बसला की एक चप्पल पायातून निसटली. "बघ सुनंदा! मी म्हणत नव्हतो? शेवटी विंडोजच!"

"हो ना. एका घरात दोन्ही असलेली बरी. एकाला जे वाचता येत नाही, ते दुसरं वाचतं. लिनक्स धनेशकडे आहेच."

बाबा मान डोलावत होते. आईची मान मात्र डोलली नाही.

"एका घरात?" आई सावकाश म्हणाली. "कोणाच्या गं?"

रुचिराने खोल श्वास घेतला. खडू मोडणारी रुचिरा कुठल्या कुठे गेली होती.

"आमच्या," ती म्हणाली. "आत्ता नाही हं, आधी शिक्षण, मग नोकरी. पण कॉम्प्युटरबरोबर हेही आजच सांगून टाकते… माझं ठरलंय."