आंघोळ राहिलीय

आवडाबाई वाटी परत करायला निघाल्या, पण वाटी हे नुसतं निमित्त. शेजारच्या मुनिराकडून रोज दिवेलागणीला लसणाचा वास यायचा, आणि शेजारी काय शिजतंय हे कळल्याशिवाय आवडाबाईंना घास गोड लागत नसे.

पडेगावच्या त्या गल्लीत लाइट गेलेली. मुनिरा मेणबत्ती लावून दाराकडं तोंड करून बसली होती. शेगडी थंड.

"काय गं, लसणाची फोडणी दिलीस व्हय?"

"नाय मावशी. हे गेल्यापासून लसूण घरात आणलाच नाय. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडाला हाच वास यायचा."

मुनिराचा नवरा दाऊद तांब्याच्या भट्टीवर कामाला होता. तिथला धूर माणसाएवढ्या उंच कापडी पिशव्यांतून गाळून निघायचा. पांढरी भुकटी पिशवीत अडकायची. आंघोळ करून, कपडे बदलूनच घरी जायचं आणि जुन्या पिशव्या पिंपात बंद करायच्या, असा नियम. पण तिथल्या न्हाणीच्या नळाला पाणीच नसायचं. दाऊद तसाच घरी यायचा. एकदा पिशवीही घेऊन आला. मुनिरानं ती साबणानं धुऊन वाळत घातली. आवडाबाईंनी भिंतीवरून पाहिलं, "मेलं, असं जाड कापड कुठं मिळतं!" म्हणत अर्धं मागून नेलं, आणि लेकीच्या, सायलीच्या तान्ह्या बाळाला गोधडी शिवली.

"मावशी," मुनिरा हळूच म्हणाली, "काल भट्टीवरचे साहेब आले होते. ते कापड शोधत होते. त्यात संखिया असतो... तुमच्यात सोमल म्हणतात ना, ते जहर. धुऊन जात नाय म्हणे. अंगात भिनला की तोंडाला लसणासारखा वास येतो."

आवडाबाईंच्या हातातली वाटी निसटली.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. वास एकदम दाटला.

"मुनिरा... पाणी ठेव."

आवाज दाऊदचा. 

"रोज येतात," मुनिरा पुटपुटली. "पण आत येत नायत."

"आंघोळ राहिलीय... असा कसा येऊ?" बाहेरून आवाज आला. "मावशी हायेत ना? मावशी... ते कापड..."

मग काहीच नाही. आवडाबाईंनी दार उघडलं. पायरीवर पिठासारखी पांढरी भुकटी होती. पाऊल मात्र उमटलेलं नव्हतं.

त्यांनी तिथंच उस्मानपुऱ्याला सायलीला फोन लावला.

"आई, तुलाच लावणार होते गं. बाळ दुपारपासून दूध घेईना. डोळेच उघडत नाय. गोधडीत घट्ट गुंडाळलंय, तरी अंग गारच..."

"काढ ती गोधडी! फेक बाहेर! दवाखान्यात ने त्याला, आत्ताच्या आत्ता!"

"कशी नेऊ? दाराबाहेर कुणीतरी उभंय, आई. आवाज लई मऊ. आत या म्हटलं तर येत नाय."

"काय... काय म्हणतोय?"

सायलीचा आवाज बारीक झाला.

"म्हणतोय, लेकराला बाहेर द्या. त्याची बी आंघोळ राहिलीय."