शिखराकडून आलेला टाळ

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. पण माझी अनसूयामावशी माळकरी बाई. तिनं उभ्या जन्मात रडतं लेकरूसुद्धा खोटं सांगून झोपवलं नाही.

आणि रात्रीबित्रीचं नाही. तिनं हे भर दिवसा पाहिलं.

सांगलीजवळ, माधवनगरात. साल चव्वेचाळीस. चैत्र.

मावशीचे सासरे नानासो. सरकी-कापसाचे व्यापारी. आवारात विठ्ठलाचं देऊळ बांधायला काढलेलं. सप्ताहाआधी शिखर पुरं व्हायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. लढाईचे दिवस, नवी दोरी लवकर मिळेना. थांबायची तयारी नव्हती. त्यांनी मळ्यातल्या मोटेचा जुना नाडा काढून दिला. शिखराची परांची त्याला टांगली.

गुंडा गवंड्यानं नाडा हातात पिळला. भुसा गळाला.

"देवाचं काम हाय रं. देव धरंल," नानासो म्हणाले.

गुंडा हसला. "धरंल की मालक. पर तेच्या हातात आदी धड दोरी तर द्या."

मावशी पूजेचं ताट घेऊन तिथंच उभी होती. तिलाही हसू आलं.

दुपार कलली आणि गुंडा खाली आला...

फळीसकट.

तुटका नाडा नानासोंनी त्याच सांजेला पाण्याच्या बंबात घातला. मावशीनं तो जळताना पाहिला. गावात मात्र सांगितलं गेलं, गुंडा पिऊन चढला होता.

गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस! कीर्तनात टाळ धरला की ज्याचे डोळे भरून यायचे, त्याला मेल्यावर दारुडा ठरवला. त्याच्या कारभारणीला, शालूबाईला, पाणवठ्यावर बायका जागा देईनात.

देव भावाचा भुकेला असतो, मान्य. पण दुसऱ्याचा जीव टांगून कसला आलाय भाव?

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, सकाळचं. मंडप भरलेला. टाळकऱ्यांच्या रांगेत गुंडाची जागा तेवढी मोकळी.

रंग चढला. बुवांनी हात वर केला. मृदंग थांबला. टाळ थांबले.

एक टाळ थांबला नाही...

तो वरून येत होता.

सगळ्यांच्या माना वळल्या. शिखराला अर्धवट परांची लोंबत होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

उरलेली एक फळी तेवढी हलत होती... पायानं ठेका धरल्यासारखी.

नानासो उठले. मावशी म्हणते, उठले नाहीत, कुणीतरी उठवले. लेक हाका मारत होता. ते अनवाणी वर चढत गेले.

ते पोचले आणि टाळ बंद झाला.

फळी निसटली.

नानासो पडले नाहीत...

उजवा हात वर ताणलेला. मनगट कुणीतरी धरावं तसा. पाय अधांतरी.

"नाडा कुजका हुता," ते बोलू लागले. "मला ठावं हुतं. गुंडा प्याला न्हवता."

अख्ख्या मंडपानं ऐकलं.

मग त्यांना खाली शालूबाई दिसली. मावशीच्या खांद्याला खांदा लावून उभी.

"शालूबाई, तेला सांग... सोडू नगं म्हनावं."

शालूबाईनं वर पाहिलं. पदर नीट केला. तोंडातून शब्द नाही.

मनगट सुटलं.

शिडी घेऊन धावलेली माणसं वाटेतच थांबली.

बऱ्याच दिवसांनी मावशीनं तिला विचारलंच. एक शब्द बोलली असतीस तर? शालूबाई भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"बोलले की वैनीसाब. मनात. सोडा म्हनले. तेंनी ऐकलं."

आता मावशी पार थकली आहे. परवा कीर्तनाहून येताना अचानक म्हणाली, "माझ्याही मनात तेव्हा तेच आलं होतं रे. सोड म्हणून."

थोडं चालल्यावर ती थांबली.

"मग त्यानं ऐकलं कुणाचं?"