स्वर्गाच्या दारावरचा चुना

इतिहास पुसता येत नाही, असं मोठी माणसं सांगून गेली आहेत. त्या मोठ्या माणसांनी कधी भिंत रंगवली नसावी. इतिहास पुसायला एक बादली चुना, एक कुंचला आणि कुणाचं लक्ष नसलेली एक दुपार पुरते, हे त्या गावाला मंगळवारी कळलं.

फादर संध्याकाळची घंटा वाजवायला देवळात शिरले आणि घंटा तशीच राहिली. त्यांनी थेट जुन्या वास्तूंच्या खात्यात फोन लावला.

"मॅडम, स्वर्ग गेला," ते म्हणाले.

तपासनीस बाईंना आधी वाटलं, कुणी म्हातारं माणूस दगावलं. त्यांनी यथाशक्ती दुःख व्यक्त केलं. मग उलगडा झाला की गेला तो खरोखरचाच स्वर्ग. देवळाच्या उत्तरेच्या भिंतीवर स्वर्गाचं दार रंगवलेलं होतं, दाराशी ओळीने उभे देवदूत होते, आणि आता तिथे पांढरीफटक भिंत होती.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचल्या. घाई करण्यासारखंच होतं. गावातली तरणी माणसं कधीच शहरात गेली होती, आणि रविवारच्या प्रार्थनेला माणसांपेक्षा बाक जास्त असत. हे देऊळ संरक्षित यादीत टिकून होतं ते त्या चित्राच्या जिवावर. चित्र नसेल तर यादी नाही. यादी नसेल तर छपराची दुरुस्ती नाही. छप्पर नसेल तर कुलूप. बाईंनी अशी कुलपं पुष्कळ पाहिली होती. एका देवळात आता बटाट्यांचं गोदाम होतं, दुसऱ्यात लोक वजनं उचलत. दोन्हीकडे छतावरचे संत तेवढे जागच्या जागी होते आणि खाली चाललंय ते मुकाट बघत होते.

"पोलिसांत कळवलंत?" बाईंनी विचारलं.

"हवालदार येऊन गेले. म्हणाले, तुमचं काही चोरीला गेलेलं नाही, उलट भिंत रंगवून मिळाली."

फादर तरुण होते, बदली होऊन आल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांचा चेहरा वर्गात काच फुटल्यावर उभ्या राहिलेल्या मास्तरासारखा झाला होता.

बाई भिंतीपाशी उकिडव्या बसल्या. पहिल्यांदा त्यांनी भिंत पाहिलीच नाही, जमीन पाहिली. फरशीवर चुन्याचा एक थेंब नव्हता. मेणबत्त्यांची लोखंडी घोडी बाजूला ओढून पुन्हा जागेवर ठेवलेली होती. तिचे पाय जुन्याच खुणांवर अचूक टेकले होते.

मग भिंत. वरपासून रुंद कुंचल्याचे आडवे-उभे हात फिरले होते. डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, कुंचला बदलला होता. तिथे बारीक, मऊ कुंचल्याने वरून खाली, हलक्या हाताने, एकावर एक पातळ थर दिलेले होते.

"इथे कंटाळला असेल," फादर म्हणाले.

"कंटाळलेला माणूस बारीक कुंचला घेत नाही, फादर."

देवळाच्या किल्ल्या चौघांकडे होत्या. एक फादरांकडे. एक जीर्णोद्धार समितीच्या गुरुजींकडे. एक झाडलोट करणाऱ्या मावशींकडे. चौथी गेल्या आठवड्यापासून ठेकेदाराकडे, छपराचं माप घ्यायला म्हणून. गावाने गुन्हेगार ठरवून टाकला होता: ठेकेदार. देऊळ बंद पडलं की त्या जागेवर सभागृह बांधायचं, हे त्याने चारचौघांत दहादा बोलून दाखवलं होतं.

"इतक्यात काही नवीन घडलं होतं का? चारआठ दिवसांत?" बाईंनी फादरांना विचारलं.

त्यांनी आठवून सांगितलं की काहीच नाही. रविवारी त्यांनी प्रवचनानंतर तेवढी सूचना दिली होती, की शुक्रवारी खात्याची माणसं येणार आणि भिंतींवरची 'नंतरची भर' काढून देऊळ मूळ रूपात आणणार. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. निदान एकाने.

ठेकेदार कबरस्तानाची पडकी भिंत बांधत होता. बाईंना पाहून त्याने थापी खाली ठेवली आणि हात आपसूक वर केले.

"मी नाही."

"मी अजून विचारलं नाही."

"गावाने विचारलंय. मॅडम, माझ्या चुन्याच्या पिंपातला चुना गेलाय, कबूल. पिंप इथे उघड्यावर असतं. पण तुम्ही आतली भिंत बघितली ना? खाली एक थेंब नाही. मी रंगवलेलं एखादं घर दाखवा, जिथे थेंब नाही. माझी बायको साक्ष देईल."

बाईंना हा बचाव बिनतोड वाटला. त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. पिंपाशेजारीच एक बुटका दगड होता, गुडघ्याएवढाही नाही. त्यावर नुसतं 'आमची बेबी' असं लिहिलेलं, त्याखाली एक साल. अक्षरं मोठी देखणी होती आणि त्यांवरचा काळा रंग ताजा होता.

"हे अक्षर कुणाचं?"

"मावशींच्या मालकांचं. गावातल्या झाडून सगळ्या पाट्या त्यांच्याच हातच्या. दवाखाना, शाळा, माझीसुद्धा. ते गेले आता. ही त्यांची पोरगी, लहानपणीच गेली. मावशी दर वर्षी अक्षरांवरून हात फिरवते, बारीक कुंचल्याने."

गुरुजी शहरातली नोकरी संपवून गावी येऊन राहिले होते आणि येताच त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता. गावाने तो अजून वाचलेला नव्हता. बाईंनी एक प्रश्न विचारला आणि गुरुजींनी दोनशे वर्षं सांगितली. साथीच्या काळात कुण्या फादरांनी देवळाच्या सगळ्या भिंती चुन्याने धुऊन काढल्या. चित्र चुन्याखाली गेलं, विस्मृतीत गेलं. पुढे कधीतरी पोपडे निघाले, आतून देवदूताचा पंख दिसला, आणि गावकऱ्यांनी मिळून भिंत खरवडली. रंग जसेच्या तसे.

"चुन्याने सांभाळलं," गुरुजी म्हणाले. "गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. आमच्याकडे म्हणच आहे म्हणा ना."

"सगळेच देवदूत जसेच्या तसे निघाले?"

गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. डाव्या कोपऱ्यातला, शेवटचा, सोडून. त्याचं तोंड ओलीने खाल्लं होतं. ते तेव्हा कुण्या बोर्डवाल्याकडून भरून घेतलं, आणि त्याने जे काय केलं ते सांगायची लाज वाटते. देवदूताला दोन वेण्या. बरं, वेण्यांचं गुरुजींनी निभावून नेलं होतं, पूर्वेकडच्या शैलीचा प्रभाव म्हणून. पण तो देवदूत हसत होता आणि त्याचा पुढचा एक दात पडलेला होता.

"देवदूतांचे दात पडत नाहीत, मॅडम. मी माझ्या पुस्तकातल्या फोटोत तो कोपरा कापूनच टाकला."

"दुसरा कुठला फोटो?"

"त्याचा फोटो कोण काढणार?"

बाई देवळात परतल्या तेव्हा मावशी बाक पुसत होत्या. वाकलेल्या, काटक, डोळ्यांवर जाड भिंगं. पुसायचं एवढं कारण नव्हतं, कारण बसायला कुणी नव्हतं. एकच बाक मात्र बसून बसून गुळगुळीत झाला होता. तो खांबाच्या मागचा होता. तिथून ना वेदी दिसत होती ना फादर. फादरांचा समज होता की तिथे बसणाऱ्याला त्यांचं प्रवचन आवडत नाही, आणि ते त्याला दोष देत नव्हते.

बाई त्या बाकावर बसून पाहत्या झाल्या. समोर डावा कोपरा होता, अगदी खालचा.

"मावशी, मंगळवारी दुपारी कुठे होतात?"

"इथेच. झाडत होते."

"कुणी आलं होतं?"

"नाही, बाई."

"मग चुना कुणी लावला?"

"ते तुम्ही शोधायला आलात ना," मावशी म्हणाल्या आणि पुढचा बाक पुसायला लागल्या.

दुपारी बाईंनी फादर, गुरुजी आणि ठेकेदार यांना भिंतीपाशी बोलावलं. मावशी पाण्याची बादली घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. बाईंनी मधल्या देवदूतावर ओला कापूस टेकवला. चुना ताजा होता, अजून भिंतीचा झाला नव्हता. बोथट सुरीने त्यांनी तो अलगद उचलला. खालून निळा पंख आला, मग हात, मग शांत, बदामी डोळे. फादरांनी छातीवर क्रूस केला. गुरुजींना पहिल्यांदाच माहिती सुचली नाही.

मावशी पुढे सरकल्या. "म्हणजे सगळे असेच निघणार?"

बाई डाव्या कोपऱ्याकडे वळल्या, जमिनीवर बसल्या आणि तसाच कापूस टेकवला. बराच वेळ धरला. हात जितका हलका करता येतो तितका त्यांनी केला.

चुना सुटला. त्याच्याबरोबर खालचा रंगही सुटला. सुरीवर एक पापुद्रा आला. त्याच्या आतल्या बाजूला थोडा गुलाबी, थोडा तपकिरी डाग होता. भिंतीवर कोरा गिलावा राहिला. बाईंनी दुसऱ्या बाजूने पाहिलं, मग खालून. सगळीकडे तेच.

"जाऊ द्या," गुरुजी म्हणाले. "तो तसाही विजोडच होता."

"गुरुजी, बसा," बाई म्हणाल्या. ते बसले.

"ज्याला चित्राचा नाश करायचा असतो, तो फरशी झाकत नाही," बाई सांगू लागल्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. "घोडी पुन्हा तिच्या खुणांवर ठेवत नाही. सुरीने खरवडणं सोपं होतं, डांबर फासणं सोपं होतं. इथे चित्र लपवायचं होतं, जपून. ठेकेदाराला ते जपायचं कारण नाही. गुरुजींना जपायचं होतं, पण त्यांना वाटत होतं की शेवटचा देवदूत गेला तर बरंच. आणि ज्याने चुना लावला त्याने नेमका त्याच्यावरच कुंचला बदलला. बाकीचे ओळीत उभे होते म्हणून झाकले गेले. झाकायचा होता तो एकच."

"पण का?" फादर म्हणाले.

"तुम्ही रविवारी सांगितलंत म्हणून. नंतरची भर काढणार. या भिंतीवर नंतरची भर कोणती, ते गावात दोघांनाच नीट माहीत होतं. गुरुजींनी ती फोटोतून कापली. दुसऱ्या माणसाने ठरवलं की आमची माणसं जाईपर्यंत तिला चुन्याखाली ठेवायची. चुना सांभाळतो, हे या गावात पोरासोरांना ठाऊक आहे."

"सांभाळतोच की," ठेकेदार हळूच म्हणाला.

"जुन्या चित्राला. ते ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं असतं, रंग भिंतीतच मुरतो. शेवटचा चेहरा वाळल्या भिंतीवर काढलेला होता, पाट्यांच्या रंगात, सरस घालून. सरस चुन्यापुढे टिकत नाही." बाई थांबल्या. "दोन वेण्या. पडलेला दुधाचा दात. तो देवदूत नव्हताच, फादर."

मावशींनी बादली खाली ठेवली होती. पाणी जरासं हिंदकळलं, मग थांबलं.

"सात वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "ताप आला आणि चार दिवसांत गेली. शाळेत वर्गाचा फोटो निघाला होता, त्यात ही हलली, तर तोंडाच्या जागी नुसता धूर. तेव्हाचे फादर यांना म्हणाले, एक देवदूत बिनतोंडाचा आहे, बघ जमतं का. यांनी काढायला घेतलं आणि हीच आली. मी म्हटलं, अहो, दात तरी पुरा करा. तर म्हणाले, मला असाच आठवतो." त्यांनी भिंगं पदराने पुसली. "ते तोंड काढून पस्तीस वर्षं झाली. मला आता घरी बसून तिचं तोंड आठवत नाही, बाई. इथे येऊन बसलं की आठवायचं."

गुरुजी आपल्या बुटांकडे बघत होते.

"चुन्याखाली गेली असती तर मला दिसली नसती, ते मला कळत होतं," मावशी म्हणाल्या. "नसती दिसली. पण असती ना."

ठेकेदार नाक ओढत बाहेर गेला. फादर म्हणाले की तक्रार त्यांची होती आणि ते आजच ती मागे घेतायत. हवालदार म्हणाला असता की तक्रार लिहूनच घेतलेली नव्हती, पण तो तिथे नव्हता. देऊळ वाचलं होतं. चित्र वाचलं होतं, एक चेहरा सोडून, आणि तो चेहरा चित्रातला नव्हता. खात्याच्या दृष्टीने काहीच नुकसान झालेलं नव्हतं.

बाईंनी तो पापुद्रा कापसावर ठेवला, कापूस डबीत ठेवला आणि डबी मावशींच्या हातात दिली. मावशींनी झाकण उघडलं. त्यांनी डबी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे वळवली. त्या डागात नाक कुठे, डोळा कुठे, हे त्यांच्याच्याने ठरेना.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मी हात लावला नसता, तरी शुक्रवारी तुमच्या माणसांनी तिला पुसलंच असतं ना?"

बाईंनी सुरी पुसली. पिशवीत ठेवली. पिशवीची चेन लावली.

"हो, मावशी," त्या म्हणाल्या. "पुसलंच असतं."

मावशींनी मान हलवली आणि बादली उचलली.

शुक्रवारी खात्याची माणसं आली, खांबांवरचा ऑइलपेंट आणि विजेच्या लोंबत्या वायरी काढून गेली. तीस वर्षांहून जुनी भर खात्यात इतिहास धरली जाते, आणि तिला हात लावायची कुणालाच परवानगी नाही.