तुटलेल्या ओळी

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मी अकरा वर्षं केलं. खोली लहान, भिंतींना जाड करडं कापड, मध्ये काच. काचेच्या या बाजूला मी आणि माइक, त्या बाजूला यंत्रावर कानसेन. हे नाव मीच ठेवलेलं. तो जन्मापासून अंध. पण पान उलटताना मी श्वास घेतला तरी त्याला कळायचं, आणि मग अख्खं वाक्य परत वाचावं लागायचं.

या वर्षी माझ्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं की आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हातात बारा दिवस होते. तेवढ्यात मला शेवटचं एक पुस्तक पुरं करायचं होतं. ते कानसेनने निवडलं: मेसोपोटेमियातलं, मातीच्या पाट्यांवर लिहिलेलं, हजारो वर्षांपूर्वीचं महाकाव्य, आपल्या भाषेत आणलेलं.

खरं सांगायचं तर मी नाक मुरडलं. जाता जाता एखादी विनोदी कादंबरी द्यायची, तर हे काय. मला वाटलं, नुसती देवांची नावं असतील. निघाला एक उर्मट राजा, साऱ्या गावाला नकोसा झालेला, आणि त्याला भेटलेला रानातला मित्र. आधी मारामारी करतात, मग एकमेकांशिवाय त्यांचं पान हलत नाही. पुढे मित्र मरतो, आणि एवढा मोठा राजा लहान पोरासारखा हटून बसतो, याला पुरू देणार नाही म्हणून. तिथे मला वाचन थांबवून डोळे पुसावे लागले. इतक्या जुन्या माणसांनी मला रडवलं याचा मला चक्क आनंद झाला. घरी जाऊन मी धाकट्या बहिणीला सगळी गोष्ट सांगितली आणि जेवण थंड केलं.

पाट्या जिथे फुटल्या होत्या तिथे पुस्तकात नुसती टिंबं होती. पानावर असेल ते सगळं वाचायचं हा आमचा नियम, पण टिंबं कशी वाचणार? शेवटी ठरलं, तुटलेल्या प्रत्येक ओळीला मी तीन मोजेपर्यंत गप्प राहायचं. अंगठ्याने बोटाची तीन पेरं मोजली की पुढची ओळ.

चौथ्या दिवशी चहा पिताना कानसेन म्हणाला, "ताई, ती तहानेची ओळ छान वाचलीत."

मी विचारलं, कुठली?

"मित्र आजारी पडतो तिथली. 'त्याला तहान लागली होती, आणि राजाला ओंजळ धरता येईना.'"

मी पान काढलं. तिथे टिंबं होती. मी तसं सांगितलं, तर त्याला वाटलं मी फिरकी घेतेय. त्याने रेकॉर्डिंग लावलं.

आवाज माझा होता. शब्द जरा ओढायची माझी खोडसुद्धा होती. त्या वेळी मी पेरं मोजत होते.

दुसऱ्या दिवशी टिंबं आली तेव्हा मी तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. नंतर ऐकलं. ओळ होती.

मग पहिल्या दिवसापासूनचं सगळं ऐकलं. एकही ओळ तुटलेली नव्हती.

माझा घसा रोज बसत चालला होता. वाचलेल्या ओळींत खरखर वाढत होती. तुटलेल्या ओळींतला आवाज मात्र रोज मोकळा होत होता. शेवटच्या दिवशी तो अगदी अकरा वर्षांपूर्वीचा वाटला.

"नियमाप्रमाणे हे पुसायला हवं," कानसेन म्हणाला. "पुसू का?"

भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटत होतं, आपलं काहीतरी मागे राहतंय असं.

"राहू दे," मी म्हणाले. मी मोठ्याने बोललेलं ते शेवटचं.

ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता मी शाळकरी पोरीसारखी पाटीवर लिहून बोलते. धाकटी म्हणते, घरात एवढी शांतता कधी नव्हती. मी पाटीवर लिहिते, तुझ्यामुळे तीही टिकत नाही. आमचं बरं चाललंय.

काल कानसेनने पुरं झालेलं पुस्तक पाठवलं. दुपारी मी कानात इअरफोन घालून खिडकीपाशी बसले. धाकटी पलीकडे वर्तमानपत्र वाचत होती.

मी सहज गळ्यावर बोटं ठेवली. मी वाचलेल्या ओळी चालल्या होत्या. गळा निपचित होता.

मित्र आजारी पडला.

टिंबांची जागा आली.

बोटांखाली गळा थरथरला. मी पेरं मोजली. एक, दोन, तीन. मग गळा थांबला.

मी इअरफोन काढला. वर्तमानपत्रातून मान वर न करता धाकटीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"घे," ती म्हणाली. "तहान लागलीय म्हणालीस ना आत्ता."